सात इंचांच्या पायऱ्या

राखीव किनाऱ्याच्या वाटेवर एकतीस वर्षं दगड बसवणाऱ्या त्या गवंड्याला सगळे इंचभाऊ म्हणत. नाव मुकादमाने ठेवलं होतं, आणि प्रेमाने नव्हे. पायथ्याच्या चौकीपासून वरच्या खिंडीपर्यंत दगडी पायऱ्या बांधायच्या होत्या. नकाशात पायरीची उंची आठ इंच लिहिली होती. इंचभाऊंनी पहिलीपासून शेवटपर्यंत सात बसवली. आठच्या हिशेबाने एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या लागल्या असत्या, सातच्या हिशेबाने दोनशे चौदा झाल्या. म्हणजे सत्तावीस दगड जास्त, एकेक मणाचा, खांद्यावरून वर न्यायचा. मुकादमाने टेप लावून पाहिली तेव्हा काम निम्म्यावर आलं होतं. एका इंचापायी माझा जीव काढतोस का, असं त्याने विचारलं. दगड मी उचलतोय, मग जीव तुमचा का जातोय, असं इंचभाऊ म्हणाले. मुकादम चडफडत पायऱ्या चढून गेला, उतरून आला, दम लागला नाही, तेव्हा गप्प बसला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

सात इंच हे माप इंचभाऊंच्या बायकोच्या पावलाचं होतं, हे मुकादमाला कधी कळलं नाही.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे कमरेवर घेऊन दिवसभर वरखाली करायची. एका संध्याकाळी ती घरी आली तर इंचभाऊंनी मोरीच्या दाराशी फळ्या एकावर एक रचल्या होत्या. चढ, म्हणाले. हातात भरलेली बादली दिली. नऊ इंचांवर तिने नाक फेंदारलं. आठवर ती चढली, पण मोकळा हात गुडघ्यावर गेला. सातवर चढली आणि चढल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही, ती तशीच बोलत राहिली. सहावर म्हणाली, ही काय बाहुलीसाठी करताय? इंचभाऊंनी पेन्सिलीने भिंतीवर सात लिहिलं. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती.

माप तिचं घ्यायचं कारण असं, की ती वाट तिच्या माहेरी जात होती.

खिंडीच्या पलीकडे, तीन बाजूंनी कडे आणि चौथीकडे समुद्र, अशी एक छोटी पुळण आहे. तिथे मासेमारी करणाऱ्यांची बारा घरं होती. किनारा राखीव झाला, पक्ष्यांसाठी, कड्यांसाठी, आणि माणसांना उठवून शहराच्या कडेला चाळीत आणून ठेवलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. होडीतून निघाली. वडील पुढे तोंड करून बसले होते, ती मागे तोंड करून. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, तोवर वडील गेलेही होते. पुढे जुन्या वस्तीच्या लोकांना फुकट पास देऊ असं पत्र आलं. तिने ते पत्र घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. जगात कुणी पास दाखवून, तिकीट काढून माहेरी गेलंय का, असं तिचं म्हणणं. शेजारणी जाऊन आल्या, फोटो दाखवले. तिने पाहिले नाहीत.

इंचभाऊ वाटेवर कामाला लागले तेव्हा तिने त्यांनाही बांधून घेतलं. खिंडीपर्यंत जायचं, पुढे नाही. “माझं माहेर तुम्हाला मी दाखवणार. माझ्याआधी तुम्ही जायचं नाही.” ते हो म्हणाले. हा होकार फार महाग पडला. पलीकडच्या उतारावर काम निघालं की इंचभाऊ सोबत्याशी बदली करायचे. त्याच्या एका दिवसाच्या बदल्यात हे दोन दिवस खाणीत दगड फोडायचे. सोबती चेष्टा करायचे. इंचभाऊ सासुरवाडीला घाबरतात, हुंडा मागून बसलेत वाटतं, असं चालायचं. इंचभाऊ हसायचे आणि घण उचलायचे.

रोज संध्याकाळी ती एकच विचारायची, आज समुद्र कसा होता? इंचभाऊंना सांगता यायचं नाही. ओझं खांद्यावर असताना समुद्राकडे बघायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. एकाने बघितलं होतं, त्याचा पाय आजही वाकडा आहे. काम करताना पाठ पाण्याकडे. जेवताना वाऱ्याकडे पाठ, म्हणजे तेही पाण्याकडेच. ते सांगायचे की तिसऱ्या वळणावरचा दगड बसला, त्याला खालून चीप, म्हणजे दगडाची बारीक कपची, मारली. ती म्हणायची, एवढा मोठा समुद्र आणि तुम्ही माझ्यासाठी चीप आणलीत.

निवृत्तीला नऊ वर्षं झाली. जाऊ, जाऊ म्हणता तिचे गुडघे गेले. धुलाईघरातली ओली फरशी तीस वर्षांत आपलं घेऊन गेली.

मग या वर्षी बातमी आली. पलीकडचा कडा सुटत चालला होता, उताराची वाट दोन ठिकाणी खचली होती. येत्या महिन्यापासून खिंडीपलीकडे कुणालाच सोडणार नव्हते. कायमचं बंद. जुन्या सोबत्याने फोनवर सांगितलं. इंचभाऊंनी फोन ठेवला आणि भाजी निवडत बसलेल्या बायकोला जसंच्या तसं ऐकवलं. ती बराच वेळ एकच शेंग सोलत राहिली.

“काढा तिकीट,” ती म्हणाली.

मुलगी शहरात बस चालवते. तिने वेड्यात काढलं. आईला घरातला उंबरा ओलांडताना दाराला धरावं लागतं, आणि तुम्ही तिला कड्यावर नेताय? मी जाते, फोनवर सगळं टिपून आणते, दोघं पलंगावर बसून बघा. आई म्हणाली, मला माझं घर बातम्यांसारखं बघायचं नाही. इंचभाऊ म्हणाले, त्या पायऱ्या तिच्याच मापाच्या आहेत, तुला काय ठाऊक. एवढं छातीठोकपणे ते आयुष्यात फार कमी वेळा बोलले होते.

साडेआठला चौकी उघडली. खिडकीतल्या मुलीने दोन तिकिटं आणि एक नकाशा दिला. फाटक पाचला बंद होतं, त्याआधी खाली या, असं बजावलं. पहिल्यांदाच आलात का, असं तिने सहज विचारलं. ज्याने वाट बांधली तो तिकिटं खिशात घालत होता. बायको म्हणाली, “इथून जाणं झालंय एकदा. येणं पहिल्यांदा.” मुलीला काही कळलं नाही, तिने हसून पुढच्या माणसाकडे पाहिलं.

सपाट वाट संपली आणि पायऱ्या लागल्या. डाव्या हाताला कडा, उजवीकडे दोर बांधलेले खांब आणि खाली पाणी. चार फूट रुंद वाट, दोन माणसं शेजारी मावतात. इंचभाऊ प्रत्येक पायरीला ओळखत होते. सातवीला डाव्या कोपऱ्यात गाठ आहे, छिन्नी दोनदा तुटली होती. अकरावीचा दगड उलटा बसवून मग सुलटा केला. ते सांगत होते, ती काठी टेकत, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत चढत होती. एकोणिसाव्या पायरीशी ती थांबली. पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. तो वर पोचेना.

इंचभाऊ खाली बसले. त्यांना वाटलं, दगड खचला असणार, खालची पायरी दबली की वरची उंच होते. खिशातली टेप काढून लावली. सात. अठरावीला लावली. सात. विसावीला लावली, सात. तेहेतीस वर्षांत दगड केसभर हलला नव्हता.

“अहो, टेप दगडाला काय लावताय,” ती वरून म्हणाली. “गुडघ्याला लावा.”

इंचभाऊ टेप हातात धरून तसेच बसून राहिले. दर हंगामानंतर त्यांनी या पायऱ्यांची पातळी तपासली होती. कुठे पाणी मुरलं, कुठे चीप निसटली, कुठे कड झिजली, सगळं वहीत होतं. जिच्यासाठी माप घेतलं तिचं माप मात्र एकदाच घेतलं, तेही भरलेली बादली घेऊन बोलत बोलत चढणाऱ्या बाईचं. दोनशे चौदा पायऱ्या त्या बाईसाठी चोख होत्या. ती बाई आता नव्हती. तिच्या जागी सहासष्ट वर्षांची ही उभी होती, आणि हिच्यासाठी एकही पायरी नव्हती.

“परत जाऊ,” ते म्हणाले.

ती म्हणाली की परत जायचं असतं तर तिकीट कशाला काढलं असतं, आणि तिथेच कड्याला टेकली. तिची हनुवटी वर झाली होती. ही हनुवटी इंचभाऊंना पंचेचाळीस वर्षं माहीत होती.

त्यांना आठवलं, पहिल्या वळणावर झुडपामागे आपणच उरलेल्या तुकड्यांचा ढीग लावून ठेवला होता. सांभाळून ठेवायची सवय. गेले, पाहिलं तर ढीग तसाच, वर शेवाळ. निवडून निवडून दोन चपटे दगड काढले. जाडी साडेतीन इंच, एक पाऊल मावेल एवढे, दहा-दहा किलोचे. पायऱ्या पहिल्यापासून खोल बांधल्या होत्या, दगड ठेवूनही पाय टेकायला जागा उरत होती. एक दगड त्यांनी तिच्यापुढे पायरीला भिडवून ठेवला. एका पायरीच्या झाल्या दोन. ती दगडावर चढली, दगडावरून पायरीवर चढली. तोवर दुसरा दगड पुढे ठेवलेला. मग मागचा उचलायचा, तिच्या शेजारून वर जायचं, पुढे ठेवायचा.

हे एकशे शहाण्णव वेळा करायचं होतं. इंचभाऊ एकोणसत्तर वर्षांचे. त्यांनी मनात भाग पाडले. दहा पायऱ्या, मग शंभर मोजेपर्यंत थांबायचं. कंबर न वाकवता गुडघ्यात बसून उचलायचं. दगड अंगाला लावून न्यायचा, लांब धरायचा नाही. घाई केली की साठाव्या पायरीला माणूस संपतो.

मागून फिरायला आलेले लोक येत होते. टोप्या, पाठीवर पिशव्या, हातात दोन दोन काठ्या. काही जण बाजूने निघून गेले. एका तरुण जोडप्याने मदत करू का विचारलं, त्यातल्या मुलाने एक दगड उचलला आणि लांब धरून नेला. तीन पायऱ्यांत त्याचा श्वास वर लागला. इंचभाऊंनी दगड परत मागून घेतला. अंगाला लावून धरायचा असतो, एवढं सांगितलं. बायको म्हणाली, “जाऊ दे रे बाळा. त्यांना माझी पापं फेडायची सवय आहे.” मुलगा हसला. त्याच्या बायकोने नकाशा उघडून विचारलं की तो समोरचा सुळका क्रमांक तीन का?

इंचभाऊंच्या बायकोने मान वर केली. पाण्यात काळे सुळके उभे होते, लाटा त्यांच्या कमरेला फुटत होत्या, वर पांढऱ्या पक्ष्यांची दाटी. ती म्हणाली, ती म्हातारी. मागचा वाकलेला आहे तो तिचा जावई, लोटलेला वाटतो ना, म्हाताऱ्या सासूने लोटलाय. ती भोकवाली कपार घोरते. भरतीला येऊन ऐक. मुलीने पेन काढून नकाशावर सगळं लिहून घेतलं.

इंचभाऊंनी दगड खाली ठेवला आणि प्रथमच नीट पाहिलं. एकतीस वर्षं जावई त्यांच्या पाठीमागे उभा होता.

मध्येच ती म्हणायची, आज वारा खालून आहे. मध्येच म्हणायची, पक्षी वाढलेत, आमच्या वेळी एवढे नव्हते, आम्हीच अंडी खायचो ना. शंभराव्या पायरीनंतर बोलणं बंद झालं. फक्त दगड ठेवल्याचा आवाज, काठीचा आवाज, आणि दोघांचे श्वास. एकशे सत्तरला इंचभाऊंच्या डाव्या हाताची बोटं उघडेनात. त्यांनी ती पायरीवर दाबून सरळ केली.

खिंडीत पोचले तेव्हा दीड वाजला होता.

तिथे एक बाक आणि एक बोर्ड. पलीकडे जमीन एकदम खाली जाते. उतारावरच्या पायऱ्या दुसऱ्या टोळीने बांधलेल्या, एकशे बेचाळीस, नऊ नऊ इंचांच्या, मधे दोन जागी लाकडी फळ्या टाकून सांधलेल्या. आणि तळाशी पुळण. वाळूचा एक पट्टा, त्याच्या वर गवत, गवतात दगडी जोत्यांच्या चौकटी. कुणीतरी पाटीवर रेघा मारून अर्धवट पुसाव्या तशा.

ती बसली नाही. बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली. मग बोर्ड वाचला. “अकरा घरं लिहिलीत,” ती म्हणाली. “बारा होती. काकांचं लाकडी खांबांवर होतं, त्याचं जोतं कुठून राहणार.”

इंचभाऊ दोन्ही दगड उतरायच्या पायरीशी घेऊन गेले होते. तिने हाक मारून थांबवलं. तिचा हिशेब तयार होता. धुलाईघरात तीस वर्षं तिनेही घड्याळावर काम केलं होतं. पाचला फाटक. इथून खाली चौकीत जायला दोन तास, म्हणजे तीनला निघायलाच हवं. तिला पुळणीत उतरून वर यायला चार तास लागले असते, तेही नऊच्या पायऱ्यांनी येऊ दिलं तर. उचलून न्यायला माणसं बोलवावी लागली तर मुलगी जन्मभर ऐकवेल.

इंचभाऊ म्हणाले, उशीर होईल तर होईल. ती म्हणाली, तुमचा डावा हात बघितलाय मी.

मग म्हणाली, “तुम्ही जा.”

“तुझ्याआधी जायचं नाही असं ठरलंय.”

“मी आलेच आहे की. एवढ्यापर्यंत माझी हद्द. तुम्हाला अडकवून ठेवलं होतं, ते सोडलं आता.” तिने डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. “दार ओळखा. चुकलात तर मी वरून सांगते.”

इंचभाऊ उतरले. नऊ इंचांच्या पायऱ्या गुडघ्यात धाडकन लागत होत्या. असं काम कुणी करतं का, असं ते दर वळणावर पुटपुटले. वाळूत पोचले, गवतात शिरले. डावीकडून पाचवं घर, तिने सांगितलं होतं. त्यांनी जोती मोजली आणि पाचव्यासमोर जाऊन उभे राहिले. वर पाहिलं. खिंडीत बोटाएवढी बाई, रुमाल डावीकडे हलवत होती. डावीकडे म्हणजे मागे. तेव्हा त्यांना कळलं, बोर्डवाल्याची चूक आपणही केली, काकांचं घर मोजलं नाही. ते एक जोतं मागे आले. रुमाल खाली आला.

इथे दाराची पायरी जागेवर होती. एकच दगड, मधोमध झिजलेला. त्याच्या पलीकडे भिंत नाही, छप्पर नाही, आत गवत. इंचभाऊ पायरीवर चढून उभे राहिले. हात कुठे ठेवायचे कळेना. जावई पहिल्यांदा घरी आला होता आणि या, बसा म्हणायला कुणी नव्हतं. खाली लाट येत होती, जात होती. इथे ओझं नव्हतं, त्यामुळे त्यांनी समुद्राकडे पाहिलं. दारातून तो तेवढाच दिसत होता जेवढा एका दारात मावतो.

मग सवयीने खाली वाकून टेप लावली. पाच इंच.

वर यायला त्यांना पाऊण तास लागला. ती बाकावर बसली होती, रुमाल मांडीवर. काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, दाराची पायरी आहे, पाच इंचांची आहे, दगड चांगला आहे.

“आधी आठची होती,” ती म्हणाली. “आजीचे पाय गेले तेव्हा बाबांनी काढली आणि ही बसवली. दोन दिवस दाराला पायरीच नव्हती, आम्ही उड्या मारून आत जायचो. आजीने पाऊल ठेवून ठेवून बघितलं, मग त्यांनी दगड कापला.”

इंचभाऊंनी टेप खिशात घातली. दगड उचलले. उतरताना तीच पद्धत, उलट्या बाजूने. पाचला दहा मिनिटं असताना चौकीतली मुलगी फाटकाशी येऊन वाट बघत उभी होती. दगड ढिगात परत ठेवायला इंचभाऊ वळणावर थांबले होते, त्यामुळे तेवढा उशीर. मुलीने विचारलं, कसं वाटलं, सगळं पाहून झालं का? बायको म्हणाली, झालं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. डोंगर मागे गेला, मग समुद्रही गेला. इंचभाऊंना वाटलं ती झोपली. ती म्हणाली, “सत्तेचाळीस वर्षं ते दार मला रिकामं दिसायचं. आज त्यात कुणीतरी उभं होतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “जरा वाकून उभे होतात. सरळ उभं राहायला काय जात होतं?”

महिना संपला तशी पलीकडची वाट बंद झाली. सोबत्याने फोन करून सांगितलं की खिंडीत कुंपण घातलं.

त्या रविवारी इंचभाऊंनी घराच्या मागच्या दाराची पायरी पहारीने उचकटून काढली. ती त्यांनीच बसवलेली, सातची. मुलगी आली तेव्हा दाराला पायरी नव्हती, तिने विचारलं हे काय आरंभलंय. आई म्हणाली, उडी मारून ये. अंगणात, दाराशीच, फळ्या रचल्या होत्या. इंचभाऊंनी पाच ठेवली. बायको चढली, हात भिंतीला गेला. त्यांनी एक फळी काढली. ती पुन्हा चढली. अजून अर्धा, म्हणाली. त्यांनी अर्ध्या इंचाची पट्टी काढली.

साडेतीनवर तिने पाऊल ठेवलं. हात कुठेच गेला नाही. इंचभाऊंनी पेन्सिल काढली, भिंतीवर आकडा लिहिला, आणि या वेळी खाली तारीखही घातली. ती अजून पायरीवरच उभी होती, दारात, अंगणाकडे तोंड करून. त्यांनी फळ्या गोळा केल्या नाहीत. तिला हवं तेवढं उभं राहू दिलं.